ओयदिनच्या नावाची मुळी

कोकसोय, १२ ऑक्टोबर १९७८

ओयदिन,

सुरुवातीला 'प्रिय' लिहायची पद्धत आहे. आज तेवढं राहू दे.

तार पोचली असेल. पोचली नसेल तर इथे वाच. आई गेली. दोन तारखेला सकाळी, चहाचा प्याला हातात होता. दुपारच्या नमाजानंतर तिला पुरलंसुद्धा. मेलेल्या माणसाला आपल्यात ताटकळत ठेवत नाहीत, हे एवढं तरी तुला आठवत असेल.

तीन दिवस अंगण बायकांनी भरलेलं होतं. चूल बंद. शेजारून सूप येत होतं, रोट्या येत होत्या. जी येई ती आधी रडायची आणि मग विचारायची, "ओयदिन आली नाही?" मी म्हणायचे, "व्होल्गा काय मागच्या अंगणात आहे? येईल." पहिल्या दिवशी हे बोलणं खपलं. तिसऱ्या दिवशी शराफत खाला म्हणाली, "येणारी असती तर आत्तापर्यंत अर्ध्या वाटेत असती." खालाची जीभ तुला ठाऊक आहे. आता दात पडलेत, त्यामुळे जिभेला अडवायला काही उरलेलं नाही.

तिसऱ्या दिवशीचं धुणं मी थांबवलं आहे. गेलेल्या माणसाचे सगळे कपडे त्या दिवशी ओढ्यावर नेऊन धुवायचे असतात, मोठ्या लेकीने चोळायचे, धाकटीने पाणी घालायचं. बायका बोचकी उचलायला आल्या आणि मी दारात आडवी झाले. खाला म्हणाली, "सानोबर, तुझी आई साऱ्या उरगुतच्या भरतकामाच्या सुझन्या धुवायची. तिच्या अंगावर कुणी मळका धागा पाहिला नाही. आणि तिचेच कपडे तू मळके ठेवणार? मुडदा घरातून हलत नाही अशाने." मी म्हटलं, "चाळीसाव्याच्या आत धुईन. आईचाच शब्द आहे."

शब्द असा आहे. जायच्या आठ दिवस आधी तिने मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "माझे कपडे ओयदिनच्या मुळीने धुवा. तिला विचारून खणा."

तू विसरली असशील म्हणून लिहिते. मी जन्मले तेव्हा आईने पलीकडच्या टेकडीवर फेसाच्या मुळीचं, येतमाकचं बी टाकलं, तू जन्मलीस तेव्हा पुन्हा टाकलं. लेक लग्नाची होईस्तोवर मुळी मनगटाएवढी होते. तिच्या फेसात लग्नाची, भिंतीवर लावायची सुझनी आणि कपड्यांचे जोड धुवायचे आणि मग लेकीला पाठवायची. ज्या लेकीच्या नावाची मुळी, तिला विचारल्याशिवाय फावडं लावायचं नाही. माझी मुळी एक्कावन्न साली निघाली. सुझनी नव्हतीच, लढाईनंतर धागा कुठे मिळत होता? मला दुकानातलं छापील कापड मिळालं. ते धुतलं त्या मुळीने. छापील कापडाला मुळी कशाला लागते? पण आईने धुतलं.

तुझी मुळी अजून जमिनीत आहे, कारण तू लग्न कचेरीत सह्या करून केलंस. बाकीची टेकडी सरकारी खरेदीवाल्यांनी ट्रक लावून खणून नेली. तुझं झुडूप तेवढं आईने राखलं. ट्रकवाल्यांसमोर त्याच्याभोवती दगड रचून बसली होती म्हणे.

एका ओळीचं काम आहे. 'खण' म्हणून लिही. नाहीतर स्वतः ये आणि पाणी घाल. चाळीसावा दहा नोव्हेंबरला आहे.

— तुझी थोरली बहीण, तुझी ओपा, सानोबर


२५ ऑक्टोबर

ओयदिन,

तेरा दिवस झाले. टपालाला जायला सहा, यायला सहा. एक दिवस तुला विचार करायला दिला होता, तो संपला.

रोज सकाळी पोस्टातली मुक्काद्दस खिडकीतूनच मान हलवते. आता तर मी अंगणातून दिसले तरी हलवते. मी बाजाराला निघालेली असले तरी हलवते.

बोचकं आईच्या खोलीत आहे. दोन रेशमी अंगरखे, रोजचे चार, मखमली बिनबाह्यांचं जाकीट, सलवारी, तीन रुमाल. खोलीत गेलं की तिचा वास येतो, मुळीचा आणि तंदूरच्या धुराचा. मी खिडकी उघडत नाही. एर्गाश म्हणतो, "कपडे धुवून टाक बाई, माझ्या घशाखाली घास उतरत नाही." नवऱ्याच्या घशाखाली काय उतरतं ते मी सत्तावीस वर्षं पाहते आहे, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही.

कोनाड्यात तुझ्या कारखान्यातल्या धुण्याच्या पावडरचे खोके आहेत. दर नव्या वर्षाला एक. निळा खोका, त्यावर हसणारी बाई, आणि आत तुझ्या हातच्या दोन ओळी: 'सगळे ठीक. तुम्ही ठीक असाल.' पहिला खोका आला तेव्हा आईने चिमूटभर पावडर तळहातावर घेतली, हुंगली, पाण्याचे दोन थेंब टाकले. हाताची आग झाली. म्हणाली, "पोरगी एवढं शिकली आणि हे करते?" लगेच मला म्हणाली, "हे तिला लिहू नकोस." मी नव्हतं लिहिलं, आज लिहिते. आपल्या मुळीचा फेस साखरेत घुसळून रमझानात मिठाई करतात, आपण दोघी बोटं चाटायचो. तुझ्या पावडरची एकदा मिठाई करून पाठव, मग मानेन तुझा कारखाना.

एक सांगायचं राहिलं. तुला तार तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली. आधी पाठवायला हवी होती. घरात माणसं होती, रडणं होतं, कुणी पोस्टात जाणारं नव्हतं. तसा एर्गाश रिकामाच होता. जाऊ दे. त्याच दिवशी पाठवली असती तरी तू दफनाला पोचली नसतीस. तिसऱ्याच्या धुण्याला कदाचित पोचली असतीस.

शेवटच्या दिवसांत आई काहीबाही विचारायची. "तिने ती भिंतीला लावली का?" असं दोनदा विचारलं. तापात माणूस बोलतं तसं. मी म्हटलं, "झोप आई."

लिही. भांडायला लिहायचं असेल तर भांडायला लिही, पण खण म्हणून लिही.

— सानोबर


३ नोव्हेंबर

ओयदिन,

मुक्काद्दस परवा धावत आली, पाकीट डोक्यावर धरून. मला वाटलं, बरं झालं, उघडलं तर एक ओळ असेल. चांगलं पानभर लिहिलंस.

तुझंच तुला परत लिहून दाखवते, म्हणजे मला बरोबर कळलं की नाही ते पाहा. 'ओपा, तार हातात पडली तेव्हा आईला पुरून चार दिवस झाले होते. बाबा होते तोवर मी वाट पाहिली नाही. उंबरठा ओलांडू नकोस म्हणाले, नाही ओलांडला. ते गेल्यावर वाटलं, आई आता बोलावेल. बारा वर्षं वाट पाहिली. पत्र नाही, निरोप नाही, एक रुमालही नाही. मी दरवर्षी खोका पाठवत राहिले, त्यात आपला पत्ता असावा म्हणून. ज्या आईने मला एक रुमाल पाठवला नाही तिच्या टेकडीवर माझी मुळी कशी? खणायची तर खण. नाहीतर त्या पावडरने धू, स्वच्छ निघतील.'

उंटावरून शेळ्या हाकायला तुला छान जमतं. पावडरने धू! साऱ्या गावासमोर मी रोबियाचे, आपल्या आईचे, कपडे पावडरने धुवावेत?

एक रुमालही नाही, असं लिहिलंस. असो. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

'खणायची तर खण' याला होकार म्हणतात की नाही, हे मी शराफत खालाला विचारलं. खाला म्हणाली, "रागाचा होकार पण होकारच. निकाहला नवरी रडत 'हो' म्हणते, ते धरतातच की." मग काल सकाळी आम्ही दोघी टेकडीवर गेलो. खालाला चढवत नव्हतं. दर दहा पावलांना ती बसायची आणि ज्यांनी टेकडी खणून नेली त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून उठायची. सगळीकडे खड्डे आहेत ओयदिन, वितभर गवत आणि खड्डे. तुझं झुडूप दगडांच्या कड्यात होतं, वाळलेलं, काड्यांवर रिकामी बोंडं. आईने या वर्षीही बी झटकून पसरलेलं दिसलं. बाजूला बोटभर रोपं होती. त्या गुडघ्यांनी ती केव्हा वर आली कोण जाणे. मला म्हणायची, "खालाकडे बसायला जाते."

मी बाजूने माती काढली. हळूहळू, हातानेच, आई काढायची तशी. मधली मुळी मांडीएवढी झाली आहे. तिला तीन पाय असायला हवेत असं खाला म्हणाली. दोनच होते. तिसऱ्याच्या जागी कापल्याची खूण, राख लावून बुजवलेली, वरून नवी साल आलेली.

खालाने त्यावरून अंगठा फिरवला. "जुना काप आहे. दहा-बारा वर्षांचा तरी. रोबियाच्या हातचा, बघ कसा तिरका घेतलाय, झाड जगावं म्हणून." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "सानोबर, ही तर लग्नाची मुळी काढलेली आहे."

मी म्हटलं, "लग्न कुठे झालं तिचं? काढली असेल कशाला तरी. केस धुवायला."

"केस धुवायला? लेकीच्या नावाची? शुद्धीवर आहेस का?" खाला तिथेच मातीत बसली. "तुझ्या आईने ओयदिनचं लग्न धुतलं होतं बाई. नवऱ्याचं नाव घेऊन धुतलं असेल, त्या रशियनाचं. म्हणजे माफ केलं होतं पोरीला. मग ती धुतलेली चीज कुठे आहे?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

एक पाय कापून घेतला, राख लावली, माती लोटली. तुझी मुळी जिवंत आहे. धुणं नऊ तारखेला ठरलं आहे. माझी लेक गुलचेहरा जिझाखहून येईल, तुझ्या जागी तीच पाणी घालेल.

— सानोबर


१० नोव्हेंबर

ओयदिन,

आज चाळीसावा झाला. पुलाव खाऊन माणसं गेली. बऱ्याचजणी माझ्याशी न बोलता गेल्या. का, ते लिहिते. तीनदा पान फाडून चौथ्यांदा लिहिते आहे, त्यामुळे मध्ये थांबणार नाही. तूही थांबू नकोस.

काल सकाळी मुळी ठेचून कोमट पाण्यात घातली, फडताळामागची आईची काड्यांची जुडी काढून घुसळली. फेस असा आला की पातेल्याबाहेर. ओढ्यावर आम्हा मायलेकींखेरीज सातजणी होत्या. गुलचेहरा तांब्या घेऊन दगडावर उभी. मी एकेक कपडा उलगडायचे, खिसे पाहायचे, मग पाण्यात सोडायचे. आईचंच शिकवणं: 'आधी खिसा, मग फेस.' लोकांच्या कपड्यांतून तिला काय काय मिळायचं, सुया, बेदाणे, एकदा कुणाचा तरी दात.

मखमली जाकिटाला आतून एक खिसा होता, वरून टाके घातलेला. टाके उसवले. आत कापडाची घडी, कापडात कागद. घड्यांवर झिजून चार तुकडे व्हायला आलेला, पण जांभळा गोल शिक्का अजून दिसत होता.

मी ओळखला. एका नजरेत ओळखला ओयदिन, आणि मुठीत दाबला. गुलचेहराने हात पुढे केला. "काय गं आई? बघू." लहानपणापासून तिला हातातलं ओढून घ्यायची खोड आहे. तिने वाचलं आणि हसली. "ही तर सहकारी दुकानातली पावती. रॉकेल, वीस लिटर, सदुसष्ट साल. आजीने ही शिवून का ठेवली होती?"

मग खाला म्हणाली, आणि तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, "रॉकेल कसलं? नीट वाच. ही पोस्टाची आहे. रोबिया मला दर ईदला काढून दाखवायची. म्हणायची, ही बघ, ओयदिनला गठडी पाठवली त्याची पावती. शिक्का आहे बघ. आत काय ते सांगायची नाही. लग्नाची सुझनी, दुसरं काय!"

आईला जुनी अक्षरं यायची, कुराणाची. ही नवी अक्षरं तिच्या काळात नव्हती आली. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. मला ते फार चांगलं माहीत होतं.

ऐक तर. बाबा गेले त्या हिवाळ्यात आई सुझनी भरायला बसली. मला वाटलं गिऱ्हाइकाची असेल. सगळी भिंत व्यापेल एवढी. डाळिंबाएवढी लाल फुलं, काळ्या वेली, कोपऱ्यात मिरच्या, दृष्ट लागू नये म्हणून. डोळे अधू झाले होते, सुईत धागा मी ओवून द्यायचे. वर्षभर मी धागा ओवला आणि कोणासाठी ते तिने सांगितलं नाही. सदुसष्टच्या शरदात धुवून, वाळवून, चादरीत शिवून माझ्या हातात दिली. म्हणाली, "ओयदिनला पाठव. आत चिठ्ठी नको, सुझनी पाहिली की तिला कळेल. ही लावली की ती येईल."

मला छापील कापड, ओयदिन. मी इथे राहिले, बाबांच्या पाठीला औषध चोळलं, दोघांचा संताप गिळला, आणि मला छापील कापड. तू उंबरठा लाथाडून गेलीस, तुला भिंतभर डाळिंबं. आणि वर्षभर सुईत धागा कुणी ओवला? मीच.

मी बाजारात गेले. पोस्टाच्या दारापर्यंत गेले, हे खरं सांगते, पायरीवर उभी राहिले. आत रांग होती. मी वळले, रॉकेल घेतलं आणि घरी आले. गठडी आमच्या माळ्यावर टाकली. आईने विचारलं, "पाठवलीस?" मी म्हटलं, हो. "काही कागद देतात ना?" खिशात हात घातला, जो कागद लागला तो दिला. ती शिक्क्यावरून बोट फिरवत बसली. उद्या खरंच पाठवीन, असं त्या दिवशी माझ्या मनात होतं. नंतरही कितीतरी दिवस होतं. मग एक वर्ष झालं, आणि इतक्या उशिरा पाठवली तर तारीख दिसेल, म्हणून पाठवली नाही.

आई दर आठवड्याला विचारायची. "आली का चिठ्ठी?" पहिल्या नव्या वर्षाला तुझा खोका आला, 'सगळे ठीक'. तिने विचारलं, "सुझनीचं काही लिहिलंय?" नाही म्हटलं. खरंच लिहिलेलं नव्हतं! त्या दिवशी ती जेवली नाही. नंतर विचारायचं तिने सोडलं. तिला वाटलं, तू पाहिलीस आणि तुला नको झाली. तुला वाटलं, तिला तू नको झालीस. मधे मी बसले होते, तुझ्या दोन ओळी तिला वाचून दाखवत.

अजून आहे. गुलचेहराचं लग्न झालं तेव्हा तिला मी रुखवतात ती सुझनी दिली नाही, आईने पाहिली असती. पुढच्या वर्षी तिच्या बाळंतपणाला जिझाखला गेले तेव्हा नेली. तिला सांगितलं, मीच भरली. सहा वर्षं ती तिच्या भिंतीवर आहे. दोन वर्षांपूर्वी गुलचेहराने ती धुतली. कशाने? मीच दिलेला खोका, तुझ्या कारखान्याचा, आणि उकळतं पाणी. लाल फुलांचा रंग पांढऱ्यात उतरला. सगळं कापड गुलाबी, डागडाग. ती रडली. मी म्हटलं, "जाऊ दे, कापडच आहे." घरी येताना बसमध्ये मात्र मला बरं वाटत होतं. हे कुणाला सांगितलं नव्हतं, तुला सांगते.

ओढ्यावर हे सगळं मला बोलावं लागलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या तर तोंडावर पडलं होतं. गुलचेहरा कागद धरून माझ्याकडे पाहत होती. म्हणाली, "आई, माझ्या भिंतीवरची कुणाची आहे?"

मी म्हटलं, "पाणी घाल."

"कुणाची आहे, विचारते."

"ओयदिनची."

तिने तांब्या दगडावर ठेवला. आपटला नाही, ठेवला. आणि चालायला लागली. मी खालाकडे पाहिलं. बाकीच्या बायकांकडे पाहिलं. कुणी तांब्या उचलला नाही. खाला म्हणाली, "धाकटीची जागा आहे ती. तू रिकामी ठेवलीस, तूच भर."

मग मी एका हाताने पाणी घातलं आणि एका हाताने चोळलं. अशाने फेस नीट जात नाही, पुन्हापुन्हा घालावं लागतं. दुपारपर्यंत चाललं. सातजणी काठावर बसून पाहत होत्या. कुणी उठून गेलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी रडले नाही, असं लिहिणार होते. रडले. आई, आई करून ओरडले, दफनाच्या दिवशीही असं ओरडले नव्हते. खालाने येऊन पाठीवर हात ठेवला नाही.

सगळं धुतलं. एक पांढरा रुमाल तेवढा धुतला नाही. तिने शेवटच्या दिवशी डोक्याला बांधला होता तो.

माफ कर असं मी लिहीत नाही. तू करणार नाहीस आणि मीही केलं नसतं.

— सानोबर


२० नोव्हेंबर

ओयदिन,

गुलचेहराचा नवरा परवा येऊन सुझनी देऊन गेला. आत आला नाही. ओसरीवर गठडी ठेवली, म्हणाला, "तिने सांगितलंय, पाठवायची असेल तर पाठवा, आमच्या घरी नको." नातवंडांना आणलं नव्हतं. हिवाळ्याच्या सुट्टीत ती येतील का, ते मी विचारलं नाही.

कापून आणलेल्या मुळीतला एक तुकडा बाजूला ठेवून बाकीची घुसळली आणि सुझनी तीनदा धुतली. आई शेवटच्या पाण्यात आंबट जर्दाळू घालायची, तेही घातलं. उतरलेला रंग परत जात नाही. फुलं अजून लाल आहेत, पण त्यांच्या भोवतीचं पांढरं गेलं ते गेलंच. जवळून पाहिलंस तर टाके तिचेच आहेत, एकही निसटलेला नाही. एका वेलीत काळ्याऐवजी गडद निळा धागा आहे. तो मी चुकीचा ओवून दिला होता, तिला दिसला नाही.

आज पोस्टात गेले. पायरीवर थांबले नाही. गठडीत सुझनी आहे, तुझ्या मुळीचा वितभर वाळलेला तुकडा आहे, आणि आईचा रुमाल आहे, न धुतलेला. तुझ्या वाट्याचं धुणं तेवढं राहिलं होतं. धुवायचा असेल तर कोमट पाणी घे, उकळतं नको. धुवायचा नसेल तर उघड्यावर ठेवू नकोस, वास जातो.

मुक्काद्दसने गठडी तोलली, पत्ता दोनदा वाचला, शिक्का मारला. म्हणाली, "व्होल्गा? पोचायला दहा दिवस." मी म्हटलं, "अकरा वर्षं लागली आहेत, दहा दिवस काय." तिला काही कळलं नाही. पावती फाडून खिडकीतून पुढे सरकवली.

ती पावती या पत्रासोबत ठेवली आहे. वाचून घे. आईला वाचता येत नव्हतं.

— सानोबर